लहानपणी बसलेला धसका: पोरं, घर आणि आपण (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ

पूर ओसरला की आपल्याकडे पंचनामे होतात. भिंत किती पडली, म्हशी किती गेल्या, ऊस किती गुंठे कुजला, सगळं कागदावर येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटली, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच पाणी दारात. तलाठी, ग्रामसेवक घरोघर फिरले, मदतही थोडीफार मिळाली. पण त्या घरातलं चार वर्षांचं पोरगं निवारा केंद्रातून परत आल्यापासून रात्री किंचाळत उठतंय, असा रकाना त्या कागदात नव्हता.

ती पोरं आता मोठी झाली. मी पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणजे ती माझ्यासमोरच बसतात. जुलै उजाडला की वर्गातल्या एका मुलीच्या वहीचं शेवटचं पान भरायला लागतं. रोज सकाळी आजोबांच्या मोबाईलवर बघायचं आणि लिहायचं: आयर्विन १८, २२, २७. शेजारी कोयनेतून किती विसर्ग सोडला तो आकडा. तिशीच्या पुढे गेलं की तिची गणितं चुकायला लागतात, हाक मारलेली ऐकू येत नाही, दप्तर पाठीवरून खाली उतरत नाही. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे तिला तोंडपाठ. गणपती उठले की हीच मुलगी पुन्हा वर्गात पहिली. घरचे म्हणतात, पोरीनं धसका घेतलाय. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, देवरुषाकडंही नेऊन आणलं.

धागा मात्र पुरापुरता नाही. पूर निदान सगळ्यांना दिसतो. माझ्या एकाच वर्गात बघा. एकाचा बाप केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, वर्षातून दोनदा गावी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली पोरं दिवाळीनंतर येतात, कारखान्याचा पट्टा पडला की जातात, आणि तोवर पहाटे आईबापाबरोबर फडात असतात. एकाचे वडील कोरोनात गेले. आणि बाप संध्याकाळी कोणत्या अवस्थेत घरी येईल, याचा अंदाज घेत जगणारी पोरं तर प्रत्येक वर्गात आहेत.

त्यातला एक मुलगा. डस्टर खाली पडलं तरी दचकतो. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की आधी फटका देतो, मग वळून बघतो कोण आहे ते. आधीच्या शाळेतून 'मस्तीखोर, अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा घेऊन आलेला. एकदा त्याच्या आईबरोबर घरी गेले. दाराची आतली कडी निखळून लोंबत होती, चौकटीचं लाकूड फुटलेलं. आईनं पदरानं तोंड पुसत सांगितलं, "लाथ घातली हुती त्यांनी. आता कडी लागत न्हाय, म्हणून रातीला दाराला पाटा लावून झोपतो." त्या पाट्याशेजारी झोपणाऱ्या पोरानं सकाळी येऊन माझ्याकडं भूमिती शिकायची असते.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पोराला समोर बसवून समजावलं, समुपदेशनाचा एक तास घेतला, एवढ्यानं फारसं काही हलत नाही. त्याच्या घरातलं एक तरी मोठं माणूस सावरलं तर पोरगं सावरतं. आई रात्रभर जागी असेल, अंगावर वळ असतील, दुकानदाराची उधारी डोक्यावर असेल, तर ती पोराला जवळ घेणार कशाच्या बळावर? आपली सगळी चर्चा 'पोरांना वळण कसं लावायचं' इथंच घोटाळते. मदत आधी त्या आईला, आजीला, जे कुणी त्या पोराला धरून आहे त्याला मिळायला हवी.

पुराच्या आकडेवाल्या मुलीचं सांगते. तिच्या आजोबांना शाळेत बोलावलं. पाणी ३५ फुटांवर आलं की कुठं जायचं, तासगावच्या आत्याकडं की मळ्यातल्या वस्तीवर, कागदपत्रांची पिशवी कोण घेणार, शेळ्या कोण सोडणार, हे सगळं त्यांनी तिच्या देखत ठरवलं. पिशवी तिच्याकडं दिली. आकडे ती अजून लिहिते, पण दप्तर खाली उतरतं.

तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा. डॉक्टर, आशाताई, शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा. मुलाची ओळख पटेल असं मात्र काही लिहू नका.

---

गलाईवाला_विटा

बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. तमिळनाडूत गलाईचं दुकान आहे, वडीलही हेच करायचे. मुलगा आठवीत, गावी आजी-आजोबांकडं असतो. लहान असताना आमच्याबरोबर इकडं होता, पण शाळेत एक अक्षर कळेना. घरातून निघताना रडायचा, मग रडायचाही बंद झाला, नुसता गप्प. म्हणून गावी ठेवला. आता फोन केला तर 'हं', 'बरं', 'ठेवू का' यापुढं गाडी जात नाही. सुट्टीला गेलो तर पहिले चार दिवस माझ्यासमोर जेवायलाही बसत नाही.

आमच्यात मारहाण नाही, दारू नाही, देवाच्या दयेनं पैशाची ओढ नाही. तुम्ही लिहिलंय त्या यादीत आमचं नाव बघून कसंतरी झालं. हे पण त्यातच धरायचं का?

---

अजिंक्यतारा

धागा चांगला आहे, पण एक वेगळी बाजू मांडतो. माझं वय ६८, सातारा तालुका. आमच्या पिढीनं वेताचा मार खाल्ला, १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी खाऊन आणि दुष्काळी कामावर खडी फोडून दिवस काढले. वडील तर माझे गिरणीत, मुंबईला. वर्षातून एकदा यात्रेला यायचे. अपशिंग्यासारखी गावं घ्या, पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. तिथली पोरं काय सगळी बिघडली? कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहात आईबापापासून लांब राहून, स्वतः स्वयंपाक करून शिकलेली पोरं मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली.

प्रत्येक गोष्टीला आघात म्हणायला लागलो तर पोरं आणखी हळवी होतील, अशी मला मनापासून भीती वाटते. एकदा का 'हे पोरगं असंच, याचं बालपण वाईट गेलंय' असा शिक्का बसला की तो पुसत नाही.

---

मिरजेची_ओपीडी

मी बालरोगतज्ज्ञ, मिरजेत असते. दोघांनाही उत्तर देते, जरा लांबेल.

माझ्याकडं पोटदुखीची मुलं येतात. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल, जंताचं औषध देऊन झालेलं, दोन-तीन डॉक्टर फिरून झालेले. मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगते आणि मुलाला विचारते, कधी दुखतं रे? एक सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "गाडीचा आवाज आला की." कुणाची गाडी? "पप्पांची." त्याचं पोट खरंच दुखत होतं. तो सोंग करत नव्हता.

धोका दिसला की शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. हे चांगलंच आहे, साप दिसल्यावर पळायला हेच लागतं. धोका सरला आणि कुणी जवळ घेतलं की सगळं पुन्हा खाली येतं. धोका रोजचाच असेल आणि जवळ घेणारं कुणी नसेल, तर ते खाली येतच नाही. शेतातल्या मोटरीला ऑटो बसवलेला असतो ना, रात्री-अपरात्री लाइट आली की मोटर सुरू, विहिरीत पाणी असो वा नसो. या मुलांचं शरीर तसं चालायला लागतं. बाईंच्या वर्गातला मुलगा डस्टर पडल्यावर दचकतो ते यामुळं. भीती ओळखणारा मेंदूचा भाग सतत जागा असतो, आणि विचार करणं, थांबणं, लक्षात ठेवणं ही कामं करणाऱ्या भागांना निवांतपणा मिळत नाही. 'अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा तिथून येतो.

पहिल्या तीन-चार वर्षांत याचा परिणाम सगळ्यात खोल, कारण मेंदूची जोडणी तेव्हा झपाट्यानं होत असते. आणि ती जोडणी होते अगदी साध्या गोष्टींतून. बाळ 'ऊं' करतं, आजी म्हणते 'हो का गं बाई, भूक लागली का?' बाळ पुन्हा 'ऊं' करतं. दिवसभर चालणारी ही देवाणघेवाण म्हणजे मेंदूचं खाद्य आहे. आई नैराश्यात असेल तर ती भांडी घासते, बाळाला पाजते, पण हे उत्तर द्यायला तिच्यात त्राण उरत नाही. आमच्याकडं बाळंतिणीचं वजन, हिमोग्लोबिन, बीपी सगळं तपासतात. तिला झोप येते का, रडू येतं का, हे प्रत्येक भेटीत विचारलं गेलंच पाहिजे.

रुमानियात अनाथालयातल्या मुलांवर २००० सालानंतर एक मोठा अभ्यास झाला. पोटभर अन्न, कपडे, छप्पर असूनही एका काळजीवाहकाच्या वाट्याला खूप मुलं, म्हणजे एकेकाशी बोलणारं कुणी नाही. त्यातली काही मुलं चांगल्या कुटुंबांत वाढवायला दिली. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांची प्रगती उशिरा गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली झाली. त्यामुळं 'लहान आहे, त्याला काय कळतंय' हे वाक्य घरात कुणी बोललं तर कृपा करून अडवा.

आता यादीचं. अमेरिकेत डॉ. विन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करायचे. वजन छान उतरत असलेले पेशंट मधेच उपचार सोडून जायचे, ते का जातात हे शोधताना अनेकांच्या लहानपणीचे अत्याचार समोर आले. पुढं डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी १७,००० हून जास्त प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं आणि १९९८ मध्ये पहिला निबंध छापला. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, आईला होणारी मारहाण, घरात व्यसन, मानसिक आजार, आईवडिलांची ताटातूट, घरातलं कुणी तुरुंगात, असे प्रश्न. पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी अनुभव सांगितला, आणि आठातल्या एकानं चार किंवा जास्त. चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही अनुभव नसलेल्यांच्या कितीतरी पट. हृदयविकार, फुप्फुसाचे आजारही जास्त. हे लोक विमा असलेले, बहुतेक सुशिक्षित, मध्यमवर्गीय होते, त्यामुळं 'हे गरिबांच्या घरातलं' असं समजू नका.

अजिंक्यतारा काका, शिक्क्याची तुमची भीती रास्त आहे. अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं की असे अनुभव मोजून येणारा हा गुणांक समाजाचं चित्र बघायला आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगायला नाही. चार गुण पडले म्हणजे अमुक होणार, असं कुणी सांगत असेल तर ते चूक.

विट्याचे दादा, बाप पोटासाठी लांब राहतो याला मी अत्याचार किंवा दुर्लक्ष म्हणणार नाही. तुमच्या मुलाला प्रेमानं सांभाळणारे आजी-आजोबा आहेत, ती फार मोठी जमेची बाजू. पण परक्या भाषेत गप्प होणं, मग घर बदलणं, मग बाप फोनमधला आवाज होणं, हे त्या मुलानं सोसलंय आणि त्याबद्दल घरात कुणी त्याच्याशी बोललं नसेल, तर ते बोला. फोनची वेळ ठरलेली ठेवा आणि ती मोडू नका. 'अभ्यास केलास का' एवढाच प्रश्न असेल तर 'हं' एवढंच उत्तर येणार. दुकानात आज काय झालं ते तुम्ही सांगा.

---

अजिंक्यतारा

डॉक्टर, तपशीलवार लिहिलंत, आभार. वसतिगृहाचा मुद्दा मी सोडत नाही, पण तुमचं वाचून एक गोष्ट लक्षात आली. वडील मुंबईला, आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात. मला आजीनं वाढवलं. शाळेतून आलो की चुलीपुढं बसवून गरम भाकरी आणि वर लसणाची चटणी द्यायची, आणि वर्गात काय झालं ते सगळं विचारायची. तिला अक्षर येत नव्हतं, तरी माझी पाटी रोज बघायची. मास्तरांनी मारलं की ती शाळेत जाऊन भांडायची. माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला ती आली नाही, तो चार वर्षांचा असताना गेली. घर तेच, दुष्काळ तोच. भाऊ मात्र विशीतच दारूत गेला आणि पन्नाशी त्यानं पाहिली नाही. आजवर मी त्याला त्याच्या संगतीचा दोष देत आलो.

---

मिरजेची_ओपीडी

काका, भावाचं वाचून वाईट वाटलं. एका भावावरून नियम काढता येत नाही, तरी तुम्ही सांगताय ते अभ्यासात दिसलेलं आहे. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं माग ठेवला. गरिबी, व्यसन, भांडणं अशा घरांतून आलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे किमान एक मोठं माणूस, जे त्या मुलाच्या बाजूनं ठाम उभं राहिलं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

वसतिगृहाचंही तेच. तिथं पोरांची नावं ठाऊक असलेलं, आजारपणात उशाशी बसणारं कुणी असेल तर ते घर होतं. नुसत्या कॉटा मांडल्यानं होत नाही.

---

जतची_आशा

मी आशा वर्कर. आमच्याकडं निम्मं गाव हंगामात ऊसतोडीला जातं. ज्यांच्याकडं म्हातारी माणसं आहेत त्यांची पोरं मागं राहतात, बाकीची कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायला जातात. हंगामी वसतिगृह चालू असलं तर चांगलं, पण ते वेळेवर सुरू झालं पाहिजे. टोळी निघून गेल्यावर सुरू होऊन उपयोग काय? आणि वयात आलेली पोरगी कोपीवर नेता येत नाही, मागं एकटी ठेवता येत नाही, म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न उरकतात. मग सोळाव्या वर्षी ती माझ्या वहीत गरोदर माता म्हणून येते. जिचं स्वतःचं लहानपण संपलं नाही, तिच्याकडून आपण बाळ वाढवून घेणार. हे पण या धाग्यात लिहून ठेवा बाई.

तुम्ही आईबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं. एका घरात तीन वर्षांचं पोरगं बोलत नव्हतं. सगळे म्हणायचे जीभ जड आहे. मी गृहभेटीला जायची तेव्हा आई खाली मान घालून. एकदा सासू बाहेर गेलेली, तेव्हा तिनं दंड दाखवला. तिला घेऊन गेले, आधी तिच्या माहेरी, मग संरक्षण अधिकाऱ्याकडं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नवऱ्याला घरात येण्यापासून रोखायचा आदेशही मिळू शकतो, हे तिला काय, आमच्या सरपंचालाही माहीत नव्हतं. ती माहेरी स्थिरावली, शिलाई मशीन घेतलं. तीन-चार महिन्यांत पोरगं बोलायला लागलं. कान तपासून घेतले होतेच, ते आधी करायचं असतं, नाहीतर खरा बहिरेपणा सुटून जातो.

---

कोरेगावचे_गुरुजी

शिक्षक म्हणून एकच भर घालतो. घरी मार खाऊन आलेल्या मुलाला शाळेत पुन्हा मार, हे आपण थांबवू शकतो आणि ते आपल्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. 'पालकच म्हणतात, गुरुजी हाणा' हे कारण चालत नाही.

दुसरं, मुलानं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर गावात बैठक घेऊन मिटवायचं नसतं. पोक्सो, २०१२ चा कायदा. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवणं हाच गुन्हा. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, 'बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही' एवढं बोला आणि कळवा. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर कोणत्याही फोनवरून लागतो, दिवसरात्र.

---

कऱ्हाड_संगम

नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

वडील प्यायचे. आता वय ४१, चांगली नोकरी, बायको, एक मुलगी. बाहेरून बघणाऱ्याला यात काही सापडणार नाही. पण जिन्यावर जड पावलं वाजली की अजूनही माझा श्वास अडकतो, आणि येणारा असतो गॅसवाला. बायकोनं जरा आवाज चढवला, तोही मुलीनं डबा संपवला नाही म्हणून, तर मी गप्प होतो. दोन-दोन दिवस. लहानपणी तेच शिकलो होतो, आवाज करायचा नाही, दिसायचं नाही, म्हणजे रात्र निभते. तेव्हा त्या गप्प बसण्यानं वाचलो. आता तेच घरात मधे येतं. बायकोला वाटायचं, हा रागावलाय. मुलीला वाटायचं, बाबा माझ्यामुळं बोलत नाहीत.

वडील शेवटी साताऱ्याच्या परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्रात राहिले, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं. दारू सुटली, मरेपर्यंत सुटलेली राहिली. घरचे खूष. पण आई आणि आम्ही भावंडं, आमचं काय झालं होतं ते आम्ही एकमेकांनाही कधी सांगितलं नव्हतं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, तिथं आईला घेऊन गेलो. पहिल्या सभेत ती काही बोलली नाही, नुसती ऐकत बसली. परत येताना गाडीत म्हणाली, "तुला त्या रात्री माळ्यावर लपवलं होतं, ते आठवतंय का रे?" आठवत होतं. पण तिनं मुद्दाम लपवलं होतं, मला वाचवायला, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मी अडचण होतो म्हणून मला वर ठेवलं.

बायकोला हे सगळं सांगितलंय. आता मी गप्प व्हायला लागलो की मुलीला मीच सांगतो, "बाबाला थोडा वेळ पाहिजे, तुझ्यावर राग नाही." ती आठ वर्षांची आहे, तिला कळतं.

---

कृष्णाकाठ

संगम, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. शेवटचं वाक्य मुलीला सांगता ते मी पालकसभेत सांगणार आहे, नाव-गाव न घेता. चालेल ना? मोठ्यांच्या भांडणाचं कारण आपणच आहोत असं पोरं धरून चालतात, आणि त्यांना कुणी उलट सांगत नाही. माझ्या वर्गातल्या एकीनं सांगितलं होतं, "मी दहा रुपये मागितले म्हणून पप्पांनी मम्मीला मारलं." तिसरीतली पोर.

आशाताई, गुरुजी, तुमच्यासारखे चार जण प्रत्येक केंद्रात मिळाले तर निम्मं काम होईल. अजिंक्यतारा काका, तुमच्या आजीबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं.

---

गलाईवाला_विटा

डॉक्टर, बाई, रोज रात्री साडेआठची वेळ ठरवली. पहिले काही दिवस मीच बोलत होतो, तो ऐकत होता. मग सोनं ॲसिडनं साफ करताना धूर कसा होतो ते सांगत होतो तर एकदम म्हणाला, "मग तुम्ही मास्क लावता का?" त्यानंतर बोलणं वाढलं. परवा त्यानंच विचारलं की मला तिकडून परत का पाठवलं. आमचं त्याच्यावाचून बरं चाललं होतं म्हणून, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. बायको आणि मी दोघांनी त्याला नीट सांगितलं. दिवाळीला दुकान भावाकडं सोपवून पूर्ण महिना गावी राहायचं ठरवलंय.

---

वाळव्याची_आजी

हा फोन नातीचा आहे, तीच लिहिते, मी सांगते. माझी लेक गेली. जावई तुरुंगात आहे. दोन नातवंडं माझ्याकडं, एक सहावीत, एक बालवाडीत. धाकटा रात्री अंथरूण ओलं करतो आणि दिवसा माझा पदर सोडत नाही. मला साठी उलटून गेली, रोजंदारीवर जाते. तुम्ही सगळे म्हणता आजीनं सांभाळलं की होतं. आजीला कोण आहे?

---

जतची_आशा

आजी, तुम्ही एकदम बरोबर विचारलंत. बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. आईबाप नसलेल्या, एकच पालक असलेल्या, पालक तुरुंगात किंवा खूप आजारी असलेल्या मुलांना नातेवाइकांकडं राहूनच महिन्याला २,२५० रुपये, प्रत्येक मुलामागं, १८ वर्षांपर्यंत. सांगलीत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज. मंजुरी बाल कल्याण समिती देते. लेकीचा मृत्यूचा दाखला, मुलांचे आधार आणि जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, जावई तुरुंगात असल्याचा कागद, एवढं गोळा करून ठेवा. पैसे द्यायला कुणी मागितलं तर देऊ नका.

धाकट्याचं अंगणवाडीत सांगा. आणि अंथरूण ओलं झालं म्हणून रागवू नका, तो मुद्दाम करत नाही.

---

मिरजेची_ओपीडी

आजी, धाकट्याला एकदा लघवीच्या तपासणीला आणा, जंतुसंसर्ग नाही ना ते बघू. नसेल तर रोज एकाच वेळी झोपवणं, झोपायच्या आधी लघवीला नेणं, आणि 'मी कामावर जाते, पाचला येते' असं रोज सांगून त्याच वेळेला परत येणं, एवढ्यानं बराच फरक पडतो. सांगून जा, नजर चुकवून जाऊ नका.

आणि तुमचं स्वतःचं. लेक गेली तुमची. तुम्ही रडलात का कुणाजवळ? १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नातीला लावून द्यायला सांगा, पण बोलताना ती शेजारी नको. तिच्यासमोर तुम्ही मोकळं बोलणार नाही, आणि तिलाही तिच्या आईबद्दल बोलायला तिचं माणूस लागेल.

---

वाळव्याची_आजी

मृत्यूचा दाखला आहे. तुरुंगाचा कागद कुठं मिळतो? आणि शाळेत नातीचं नाव जावयाच्या नावानं लावलंय, ते चालतं का?

---

कृष्णाकाठ

नाव चालतं आजी, बदलू नका, आधार आणि शाळेतलं नाव एक असलं की झालं. तुरुंगाच्या कागदासाठी ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदलाय त्याचं नाव आणि गुन्हा नंबर लागेल. नातीला म्हणावं, तिच्या वर्गशिक्षकांना हा धागा दाखव. त्यांना मदत लागली तर मला इथंच व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा, शनिवारी दुपारनंतर मी सांगलीला असते. कार्यालयात बरोबर येईन.